तांड्यावरची ट्राम

मी ट्राम. बाभुळगावच्या रस्त्याला, बंजाऱ्यांच्या तांड्यासमोर, चार दगडांवर बसून बोलतेय. रूळ नाहीत, चाकं नाहीत, वरची विजेची तारही नाही. आवाज तेवढा शाबूत आहे.

माझा जन्म इथला नाही. दूर एका तळ्याकाठच्या लहानशा शहरात मी धावायची. माझ्या आधीच्या ट्रामला घोडे ओढत. मी विजेवर चालायची, म्हणून मला फार तोरा होता. शहर एवढंसं, की तळ्याला वळसा घातला की संपलं. कुणालाच घाई नसे. लोक मध्येच उतरून चहा घेत आणि पुढच्या वळणावर मला पुन्हा गाठत. तेही चालत! एवढा अपमान बैलगाडीनेही सोसला नसता.

माझा कंडक्टर लखीराम या तांड्याचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले. हा माणसं लादायचा. १९५६ साली शहरात मोटारी आल्या आणि ट्राम बंद झाली. शेवटच्या फेरीला मंडळी आपापली उतरून गेली, तरी लखीरामच्या तोंडून 'शेवटचा थांबा' निघेना. घंटेची दोरी धरून तो उभाच राहिला. मग साहेबांच्या मागे लागून त्याने मला मागून घेतलं. आधी मालगाडीतून, मग बैलांच्या तीन जोड्यांच्या जोरावर मी तांड्यावर आले. त्याची बायको रुपीबाई मला पाहून म्हणाली, "लोकं शयरातून पेढे आणतेत. तुमी हे काय आणलं?"

रुपीबाईचा राग गेला नाही, पण तांडा खूश. रोज सकाळी लोक येऊन बसत. लखीराम खाकी कोट चढवी, दोनदा घंटा वाजवी आणि त्या शहरातले थांबे ओरडे, "चालो! घंटाघर! गणपती घाट!" घंटा वाजली की गाडी चालू, आणि चालत्या गाडीतून उतरायचं नाही, हा त्याचा कायदा. मी जागची हलत नसे. तरी म्हातारा देवीलाल प्रत्येक वळणाला बरोबर एका अंगाला झुकायचा. मला त्याचं फार कौतुक वाटे.

१९६२ साली या रस्त्याने यवतमाळची मोटार जाऊ लागली, पण तांड्यापाशी ती थांबेना. ड्रायव्हर बघायचा, तर समोर एक गाडी माणसांनी भरलेली आणि कंडक्टर घंटा वाजवतोय. त्याला वाटायचं, यांची सोय झालेली दिसते!

रुपीबाई मोटारींच्या साहेबांशी जाऊन भांडली. तिची लेक बिजलीबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डॉक्टरीणबाईंनी यवतमाळच्या दवाखान्यातच यायला बजावलं होतं, आणि बैलगाडीने तिथे जायला अर्धा दिवस लागे. मागच्याच वर्षी शेजारच्या देवसिंगाची बायको वाटेत, गाडीतच बाळंत झाली होती. साहेब भगवानराव म्हणाले, "महिनाभर मोटार थांबवून पाहतो. माणसं चढली तर थांबा पक्का, नाही तर बंद."

मोटार थांबू लागली आणि चढेना कुणीच! ती दिसली की लखीरामच्या हिशेबाने आमची गाडी हटकून तळ्याच्या काठावर असायची. कुणी उठलाच तर लखीराम ओरडे, "बस खाली! तिकडं पानी हाये, बुडशीन!" माणूस घाबरून बसे आणि मोटार रिकामी निघून जाई. लखीराम मिशीत हसे. खरं सांगते, मीही हसायची. मोटारींनी आमचं शहर घेतलं होतं. त्यांना तांडाही का द्यावा?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी खुद्द भगवानराव मोटारीत होते. बिजलीबाई गाठोडं घेऊन माझ्या बाकावर बसली होती. पहाटेपासून तिची कंबर दुखत होती. हॉर्न वाजला. दोन-चार जण उठले.

"बसा!" लखीराम ओरडला. "पानी हाये!"

रुपीबाई त्याच्यासमोर उभी राहिली. "बिजलीच्या बापू, कुठं हाये पानी? तळं तिकडंच राह्यलं. पोरीले इथं कळा येऊन राह्यल्या. तिले बैलगाडीत बाळंत करता का? शेवटचा थांबा बोला!"

लखीराम दोरी सोडेना. मलाही वाटत होतं, नको बोलूस बाबा. ते शब्द निघाले की माझी फेरी संपली. पलीकडे ड्रायव्हरने गियर टाकला. "याडी!" बिजलीबाईने कण्हत आईला हाक मारली.

लखीरामने घंटा वाजवली. मग तो छाती भरून ओरडला, "शेवटचा थांबा! गाडी खाली करा!"

सहा वर्षांची शिस्त ती! अख्खी ट्राम उतरली आणि मोटारीत चढली. ज्यांना कुठेही जायचं नव्हतं, तेही चढले. देवीलाल तर चपला माझ्यात विसरून यवतमाळला पोचला. भगवानरावांना जागा सोडून उभं राहावं लागलं. थांबा पक्का झाला.

लखीरामने लेकीला हात धरून चढवलं आणि परत येऊन तो माझ्या बाकावर बसला. इतक्या वर्षांत मी त्याला प्रथमच बसलेला पाहिला. आम्ही दोघंही रडलो, लाज कसली? संध्याकाळी देवीलाल अनवाणी परतला तो बातमी घेऊनच: मुलगी झाली, मायलेकी सुखरूप.

आता मी मोटारीची वाट बघायची जागा आहे. बाकांखाली कोंबड्या अंडी घालतात. सकाळी सारे येतात, गप्पा रंगतात आणि हॉर्न वाजला की मी रिकामी होते. तुम्हीही या. पाय पसरून बसा, मोटार आली की खुशाल उठा, मी रुसणार नाही. फक्त उतरताना 'जातो' म्हणू नका. 'येतो' म्हणा.