रिकामे हात

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता श्रीरंग खटावकरांचा खोकला खोट्या अंगठ्यात गेला.

त्यांची बायको कुमुदिनी तेव्हा लाल रेशमी रुमाल गायब करायला शिकत होती. अंगठा प्लास्टिकचा, कातडीच्या रंगाचा, आतून पोकळ. तो गुपचूप मुठीत ठेवायचा, रुमाल त्यात कोंबायचा आणि मूठ उघडता उघडता आपल्या खऱ्या अंगठ्यावर टोपीसारखा चढवायचा. श्रीरंगरावांनी उभी हयात कऱ्हाडच्या आसपासच्या शाळांतून हा खेळ केला. दिवाळीनंतर त्यांची उजवी बाजू लुळी पडली. पण शेजारच्या शकूवहिनींना त्यांनी रविवारच्या हळदीकुंकवाला खेळ कबूल केला होता, आणि कबूल केलेला खेळ त्यांनी कधी चुकवला नव्हता.

"अंगठ्याकडे बघू नकोस," ते खाटेवरून म्हणाले. "रिकाम्या हाताकडे बघ. तू बघशील तिकडंच लोक बघतात."

"आणि हातातून निसटला म्हणजे?"

"इतकी वर्षं पोळ्या लाटतेस. लाटणं निसटलं कधी?"

तिनं डाव्या हाताकडे बघत उजवी मूठ उघडली. रुमाल नव्हता. खोकलाही नव्हता. दोन महिन्यांत पहिल्यांदाच भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"आता परत आण," ते म्हणाले. "गेलेलं परत आणायचं. नाहीतर ती जादू नव्हे, नुसती हरवाहरवी."

तिनं रुमाल परत आणला. खोकला आला नाही. त्या रात्री दोघांनाही गाढ झोप लागली, म्हणून सकाळी तिनं पोळ्या उरकल्या आणि पुन्हा सराव सुरू केला. या खेपेला खांद्याची कळ गेली. मग पडून पडून झालेली पाठीवरची जखम गेली, बोट फिरवलं तर खूणही लागेना. कुमुदिनीनं देवापुढं साखर ठेवली.

गुरुवारी त्यांची सावली गेली. तिला ती घालवायची नव्हती.

"पुरे आता, अहो. मला जमतंय."

"छे. अंगठा अजून दिसतोय. आणखी एकदा."

अंगठा आता घट्ट बसत होता. काढताना साबण लावावा लागे. खोलीही आवळत चालली होती. कपाट आधीच गॅलरीत ठेवावं लागलं होतं, त्यापाठोपाठ खुर्ची गेली. शुक्रवारी "आणखी एकदा" म्हणता म्हणता त्यांचा आवाज "आणखी"वरच गेला. राहिलेलं त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर करून सांगितलं.

रुमाल मात्र दर वेळी परत येत होता. कोरडा, घडी न मोडलेला.

शनिवारी चहाच्या वेळी त्यांनी पुन्हा बोट वर केलं. कुमुदिनी नाही म्हणाली. त्यांनी बोट खाली घेतलं नाही. चहावर साय धरली तरी बोट वरच होतं. तिनं डोळे पुसले, डाव्या हाताकडे बघितलं आणि मूठ उघडली. हात स्वच्छ होता. त्यांनीसुद्धा नावं ठेवली नसती, इतका स्वच्छ. खाटेवर चादर होती, उशीला खळगा होता.

खाट रिकामी म्हटल्यावर लोकांनी जे करायचं ते केलं. रविवारी दुपारी धाकटे दीर बापू चार माणसं घेऊन आले आणि जिन्याखाली तिरडी बांधली. खोली आता खाटेएवढीच उरली होती, म्हणून सगळे दारात दाटीनं उभे राहिले. शकूवहिनी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन खेळासाठी बोलवायलाच आल्या होत्या. तिरडी बघून त्यांनी कोयरी पदराआड घेतली.

"वहिनी, दादा कुठायत?" बापूंनी विचारलं.

कुमुदिनीनं दोन्ही हात पुढं केले. ती डाव्या हाताकडे बघत होती. बापूंनी डाव्या हाताकडे बघितलं. मागची चार माणसं टाचा उंचावून डाव्या हाताकडे बघू लागली.

"अगं बाई," शकूवहिनी हळूच म्हणाल्या, "हातात तर काहीच नाही गं."

मागून कुणाच्या तरी दोन टाळ्या वाजल्या आणि थांबल्या.

"वहिनी, उजेड आहे तोवर न्यायला हवं," बापू म्हणाले. "असं घरात ठेवून चालतं का?"

तिनं त्यांना परत आणलं असतं. पण परत आणलं की ही माणसं त्यांना घेऊन जाणार, हे तिला खाली तिरडीच्या सुतळीकडे बघूनच कळलं होतं. आणि नाही आणलं, तर ही नुसती हरवाहरवी.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मी अजून शिकतेय."

सगळे थांबले. खाटेच्या दोन्ही बाजूंनी भिंती तिच्या कोपरांना टेकल्या. दिवेलागण झाली तरी तिरडी खाली रिकामीच होती.

मग खोट्या अंगठ्यात खोकल्याची उबळ आली. सगळ्यांनी माना वळवल्या. कुमुदिनीनं नजर डाव्या हातावरून काढली नाही.