कालवणाचा वाटा

सरूबाईचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं खारदांड्याच्या कोळीवाड्यात सगळे म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं! पहाटे वाळूवर उभं राहून आपल्याच पोराने मारलेली मासळी दुसऱ्याच्या ट्रकात जाताना बघावी, आणि मग बोलावं.

पूर्वी असं नव्हतं. होडी किनाऱ्याला लागली की पुरुषाचं काम संपलं. पुढे मासळी कोळणीची, भाव तिचा, गिऱ्हाईकही तिचंच. अंधेरीच्या बाजारातली जागा सरूबाईच्या सासूने अशीच कमावली आणि सरूबाईने ती तीस वर्षं राखली. मग तिच्या चंदरने होडीला नवं मशीन बसवायला कोळंबीच्या कंपनीकडून आगाऊ रक्कम उचलली. बदल्यात जाळ्यात येईल ती कोळंबी सगळी कंपनीची. बर्फात बसून ती जपानला जाते म्हणे. सरूबाईच्या टोपलीत उरले बोंबील आणि मांदेली. बाजारात कोळंबीचा भाव गगनाला भिडला, आणि शिव्या कोणाला? कोळणीला! "लुटायला बसलीयस का गं?" असं नव्या सोसायट्यांमधल्या बाया विचारत. रंगीत टीव्ही घेताना दुकानदाराला असं विचारायची छाती झाली नसती त्यांची.

भाव वाढला म्हणून शिव्या न देणारी एकच बाई होती, मरोळची रत्नप्रभा. तिचा नवरा गुणाजी गिरणीत होता. संप झाला, आणि गिरणी पुन्हा उघडली ती त्याला बाहेर ठेवूनच. आता तो मरोळच्या एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार होता, अर्ध्या पगारावर. सरूबाईला हे कोणी सांगायची गरज नव्हती. पापलेट घेणारी बाई मांदेलीवर आली, मांदेलीवरून सुक्या जवळ्यावर आली, तेव्हाच तिला सगळं कळलं होतं.

सोमवारी रत्नप्रभा आली ती टोपलीकडे न बघताच उभी राहिली.

"गो सरूबाय, नीला बाळंतपणाक इली हा. तिका कोळंबी खावची हा. दुसरा काय मागणा नाय गो चेडू."

लेकीसाठीचं ते मागणं ऐकून सरूबाईच्या तोंडून शब्द निघून गेला. "उद्या ये. पोटुशीला नाय म्हनायचं नसतं."

मंगळवारी देवाने तिची परीक्षाच घ्यायची ठरवली असावी. चंदरच्या होडीत पाटीवर पाटी कोळंबी, हातभर मिशांची, अजून उड्या मारणारी. कंपनीचा मुकादम कुंडलिक ट्रकाच्या पायरीवर विडी ओढत बसला होता.

"चंदर, दोन मुठी टाक रं माझ्या टोपलीत," सरूबाई म्हणाली.

चंदरने कुंडलिककडे पाहिलं. पोराने आईला उत्तर देण्याआधी परक्याकडे पाहावं! सरूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मावशी, सगळा माल बांधलेला आहे," कुंडलिक हसत म्हणाला. "घरच्या कालवणाचा वाटा सोडून बाकी सगळं आमचं. तसं ठरलंच आहे."

तेवढा एक रिवाज कंपनीने मोडला नव्हता. होडीवरच्या प्रत्येकाने घरच्या कालवणापुरती मासळी काढून घ्यायची. चंदरने आपला वाटा केळीच्या पानात बांधून आईच्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "आये, दुपारी कुंडलिकशेठ जेवायला येनार हायेत. पुढल्या जाळ्याच्या पैशांचं बोलायचंय. कालवण झकास कर."

सरूबाई गप्प बसली की वारा कुठल्या दिशेचा आहे ते पोटच्या पोराला तरी कळायला हवं होतं. तिने पुडा टोपलीत बोंबलांच्या खाली सरकवला आणि ती अंधेरीच्या टेम्पोत चढली.

बाजारात बसून तासही झाला नसेल तोच एका बाईची नजर पानातून डोकावणाऱ्या मिशांवर गेली. हातात घड्याळ, खांद्याला पर्स, मागे पिशवी धरलेली मोलकरीण.

"ही कोळंबी कशी दिलीस?"

"विकायची नाय."

"मग आणलीस कशाला? बाजारापेक्षा दुप्पट देते, चल."

दुप्पट! सरूबाईचा हात क्षणभर पुड्यावर गेला. त्या पैशांत चार दिवसांचा बर्फ आला असता. मग तिला पायरीवर विडी ओढणारा कुंडलिक आठवला, आणि तिचा तिलाच संताप आला.

"दुप्पट जपानवाला पन देतो, बाय. म्हनून तर इथं कोनाला गावत नाय. जा पुढं."

बाई तणतणत गेली. शेजारच्या कोळणी सरूबाईला वेड लागलं म्हणाल्या. रत्नप्रभा आली तेव्हा सरूबाईने पुडा तिच्या पिशवीत कोंबला. रत्नप्रभाने पदराची गाठ सोडली आणि आतली नोट पुढे केली.

"फुकट नको गो माका."

"फुकट कोन देतंय? बोंबलाचा भाव घेतेय. आन डोकी टाकू नको, त्यांचं पन कालवण होतं."

रत्नप्रभाला हसावं की रडावं कळेना. ती घाईघाईने मरोळकडे निघाली.

दुपारी सरूबाईने नारळ वाटला, चिंच घातली, कोकम घातलं, लसणीची फोडणी दिली. वासाने अर्धा कोळीवाडा जागा झाला. कुंडलिक मांडी ठोकून बसला, चंदर त्याच्या शेजारी. सरूबाईने भात वाढला, वर लालभडक कालवण ओतलं. कुंडलिकने भातात बोटं फिरवली, पुन्हा फिरवली.

"मावशी, कोळंबी तळाशी राहिली वाटतं?"

"तळाशी नाय. ट्रकात बघा तुमच्या."

कोळ्याच्या घरात पाहुण्याच्या ताटात मासळी नाही, याहून मोठी नामुष्की खारदांड्यात नव्हती. चंदरचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"आये, काय केलंस हे? कालवणाचा वाटा दिला होता मी तुला!"

"चांगला माल घरात ठेवायचा नसतो रं. तुमीच तर शिकवलंत मना."

कुंडलिक ताडकन उठला. पुढल्या जाळ्याच्या पैशांचं कंपनीलाच विचारावं लागेल, असं काहीतरी पुटपुटत त्याने चपला घातल्या. त्याला थांबवायला चंदर अर्धा उठला, पण आईकडे बघून तसाच खाली बसला.

"कोनाला दिलीस?" त्याने विचारलं.

"मरोळच्या नीलाला. पोटुशी हाय. लहानपनी तू बाजारात यायचास तवा बोरं द्यायची तुला."

चंदरने ताट पुढे ओढलं आणि नुसतं कालवण भातात कालवून खाऊ लागला. सरूबाईने त्याला आणखी वाढलं. उद्या पहाटे तो पुन्हा ट्रकच भरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच पळी पातेल्यात परत ठेवताना ती इतक्या जोरात आदळली की कालवण तिच्या लुगड्यावर उडालं.