मिशी काढलेलं चित्र

मित्रांनो, मी एक ड्रॉइंग बोर्ड आहे. जुना आहे, हे वेगळे सांगायला नको. माझे कोपरे झिजून गोल झाले आहेत आणि अंगावर टाचण्यांची इतकी भोके आहेत, की मला लहानपणी देवी आल्या होत्या असे कुणालाही वाटावे.

घाटकोपरच्या एका सुताराने पाइनच्या फळ्या जोडून मला बनवले. पावसाळ्यात मी वाकू नये म्हणून त्याने माझ्या पाठीला दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या. मला विकत घेतले श्यामकांत नावाच्या ड्राफ्ट्समनने. विलेपार्ल्याला राहणारे, एका इंजिनिअरिंग कंपनीत यंत्रांचे नकाशे काढणारे, शांत आणि टापटिपीचे गृहस्थ. ऑफिसचे काम ते घरी आणत आणि माझ्यावर कागद ताणून बसत. त्यांची रेघ कधी थरथरली नाही. बायको गेली त्या महिन्यातसुद्धा नाही.

त्यांची मुलगी गंधाली तेव्हा फार लहान होती. श्यामकांतांनी तिला एकट्याने वाढवले. शेजारच्या शुभाकाकूंकडून ते वेणी घालायला शिकले. पट्टीने आखल्यासारखा सरळ भांग पाडत आणि मग माझ्यापाशी येऊन बसत. कुणी कितीही काही सांगितले तरी त्यांनी दुसरे लग्न केले नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे जे घडले ते ऐकून तुम्ही त्यांना दुष्ट ठरवाल, आणि ते दुष्ट नव्हते.

मग कंपनीत संगणक आले. माझी रवानगी कपाटामागे झाली. झुरळे आणि कॅलेंडरच्या सुरळ्या यांच्या संगतीत मी बरीच वर्षे काढली. एके दिवशी शाळकरी गंधालीने मला ओढून बाहेर काढले.

"बाबा, हा मला दे ना."

"घे. पण त्याच्यावर चहाचा कप ठेवायचा नाही."

तिने पहिल्याच दिवशी ठेवला. बाबांनी पाहिले आणि कपाखाली एक जुना नकाशा सरकवला.

गंधाली व्यंगचित्रकार झाली. रविवारच्या पुरवणीत तिची चित्रे येऊ लागली. श्यामकांत ती कापून शर्टाच्या खिशात ठेवत आणि भाजीवाल्यालाही दाखवत. "आमच्या गंधालीचं आहे," असे म्हणताना त्यांचा आवाज जरा वर जाई.

पुढे गंधालीच्या आयुष्यात तेजल आली. तेजल घाटकोपरची. डेंटल लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायची. या दोघींचे एकमेकींवर प्रेम होते. तुमच्या आईबाबांचे असते तसेच, म्हणजे त्यात गॅस कुणी बंद केला नाही यावरून भांडणेही होती. गंधालीने बाबांना सांगितले तेव्हा मी त्याच खोलीत होतो. श्यामकांतांनी उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "तुझं तू बघ. पण पार्ल्यात हे कुणाला कळायला नको."

गंधाली मला घेऊन मुलुंडला तेजलबरोबर राहायला गेली. त्यानंतर बापलेकीचे बोलणे गणपतीत आणि दिवाळीत फोनवर होई. "कशी आहेस?" "बरी आहे." "बरं." एवढेच.

मुलुंडची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. तेजल मला फार जपायची. दोन फळ्यांमध्ये भेग पडली तेव्हा तिने लॅबमधली हत्यारे आणून ती भरली, बारीक कागदाने घासली आणि गंधालीला म्हणाली, "बघ, म्हाताऱ्याला नवी दाढ बसवली." त्या घराची गोष्ट गंधालीने माझ्यावरच चितारली. आई नसलेली मुलगी, वेणी घालणारा बाप, मग तेजल, मग ते दोघींचे घर. पुस्तक पूर्ण चित्रांचे. नाव 'आमचं घर'.

पुस्तक निघाले आणि कार्यक्रम सुरू झाले. मित्रांनो, हल्ली पुस्तक लिहून भागत नाही. ते घेऊन गावभर फिरावे लागते. गंधाली लोकांसमोर माझ्यावर चित्र काढायची, वर लावलेला कॅमेरा ते मोठ्या पडद्यावर दाखवायचा आणि काढता काढता ती बोलायची. मला उचलून नेणे, स्टँडचे स्क्रू पिळणे, मागच्या टेबलावर पुस्तके विकणे, हे सगळे तेजल सुट्टी काढून करायची. अंधेरीला, घाटकोपरला, एका कॉलेजात, एका कॅफेत. गंधाली चित्राकडे बोट दाखवून मोकळेपणाने म्हणायची, "ती मागे बसलीय ना पुस्तकं घेऊन, तीच ही. माझी तेजल." लोक माना वळवून पाहायचे, टाळ्या वाजवायचे. तेजल लाजून सुटे पैसे मोजत बसायची.

मग पार्ल्याहून फोन आला. तिथल्या ग्रंथालयाचे कार्यवाह राजाराम गंधालीला लहानपणापासून ओळखत. ते म्हणाले, "अगं, आपल्या मुलीचं पुस्तक आणि आपल्याच हॉलमध्ये कार्यक्रम नाही? बाबाही येतो म्हणालेत."

फोन ठेवून गंधाली स्वयंपाकघरात धावली. "बाबा येणारेत! स्वतःहून म्हणाले!"

तेजलने तिला मिठी मारली. "मी कुठला ड्रेस घालू?" तिने विचारले.

त्या दिवशी हॉल भरला होता. गंधालीला फ्रॉकमध्ये पाहिलेली सगळी माणसे आली होती. पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात, चष्मा लावून आणि मिशी विंचरून श्यामकांत बसले होते. मला पाहून त्यांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. नंतर राजाराम बोलले. गंधालीच्या रेषेचे, तिच्या संस्कारांचे, श्यामकांतांच्या त्यागाचे कौतुक झाले. पुस्तक कशाबद्दल आहे, ते मात्र भाषणात आले नाही; ज्यांनी ते वाचले होते त्यांनीही तो विषय काढला नाही.

गंधाली चित्र काढू लागली. तेच चित्र ती सगळीकडे काढायची: स्वयंपाकघर, ओट्याशी पाठमोरी उभी तेजल, बाजूला स्टुलावर पेन चघळणारी गंधाली. ओटा झाला. पाठमोरी आकृती निम्मी झाली. तेवढ्यात शुभाकाकूंनी हात वर केला. शेजारच्याच त्या, वेणी शिकवणाऱ्या.

"गंधाली, पुस्तकाचं नाव किती गोड ठेवलंयस गं. आमचं घर. आमचं म्हणजे तुझं नि बाबांचं, ना?"

काकूंनी हे सहज विचारले की जाणूनबुजून, मला आजही सांगता येणार नाही. पेन थांबले. निबेखाली शाईचा ठिपका पसरत गेला. गंधालीने पहिल्या रांगेकडे पाहिले. बाबा तिच्याकडे पाहत होते. रागाने नव्हे. हात जोडल्यासारखे पाहत होते.

"हो काकू," गंधाली म्हणाली. "माझं आणि बाबांचं."

आणि मग तिने ते चित्र पुरे केले. पाठमोऱ्या आकृतीची मान तिने वळवली. चेहऱ्यावर चष्मा काढला. चष्म्याखाली मिशी काढली. पेन तिने इतके दाबले होते, की कागद फाटून शाई माझ्यात उतरली. मोठ्या पडद्यावर तेजलचे श्यामकांत झाले. हॉलने टाळ्या वाजवल्या. श्यामकांतांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मागच्या टेबलाशी तेजल उभी होती. नवा ड्रेस घालून. कार्यक्रम संपल्यावर तिने एकेक पुस्तक पिशवीत घालून लोकांच्या हातात दिले. त्या दिवशी पुस्तके झकास खपली.

परतताना रिक्षात मी दोघींच्या मांड्यांवर आडवा होतो. रिक्षा पवईच्या सिग्नलला थांबली.

"बाबा आले होते गं," गंधाली अखेर म्हणाली.

"माहितीय. मीच त्यांना खुर्ची दिली. थँक यू बेटा म्हणाले."

"तेजू, मी सगळीकडे बोलते ना? अंधेरीला बोलले, घाटकोपरला बोलले..."

"तिथे तुला कोण ओळखतं?"

गंधाली रडू लागली. तेजल रडली नाही. ती म्हणाली, "मैत्रीण म्हणाली असतीस तरी चाललं असतं. रूममेट म्हण, भाडेकरू म्हण, काहीही म्हण. पण तू मला मिशी काढलीस, यार. सगळ्यांसमोर. आणि मी तिथे उभी होते."

काही दिवसांनी तेजल भावाकडे राहायला गेली. आरडाओरडा झाला नाही. कपडे, कुकर आणि कुंडीतली पुदिन्याची रोपे तिने नेली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही पाहिले नसते.

पण पुस्तकाचे कार्यक्रम ठरलेले होते. अंधेरीच्या एका मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानात श्रुतिका नावाच्या मुलाखतकार बाईंनी हसत विचारले, "आणि तेजल? आज आलीय का ती?"

"बाहेर आहे," गंधाली म्हणाली. "गर्दीत तिला अवघडल्यासारखं होतं."

लोक प्रेमाने हसले. काहींनी मागे वळून दाराकडे पाहिले.

सही घ्यायला रांग लागली. त्यात एक कॉलेजातली मुलगी होती. तिने हळूच सांगितले, "तुमचं पुस्तक वाचलं आणि मी घरी सांगून टाकलं. आई अजून बोलत नाही माझ्याशी. पण सांगितलं. तुमच्यामुळे."

"नाव काय तुझं?" गंधालीने विचारले.

"अपूर्वा."

गंधालीने 'अपूर्वास' एवढे लिहिले आणि पुढे काय लिहावे ते तिला सुचेना. मागचे लोक खोळंबले. शेवटी नुसती सही करून तिने पुस्तक मिटले. अपूर्वाने ते छातीशी धरले आणि ती आनंदात निघून गेली. मित्रांनो, ती मुलगी पुस्तकातल्या गंधालीवर विश्वास ठेवून घरी बोलली होती. त्या गंधालीला पुस्तकातून बाहेर यायला जमले नव्हते, हे तिला कोण सांगणार?

त्याच आठवड्यात गंधालीने तेजलला फोन लावला. फोन माझ्यावर ठेवलेला होता, म्हणून मला ऐकू आले. तेजल म्हणाली, "मला सॉरी नको. पार्ल्याच्या त्याच हॉलमध्ये जा. त्याच माणसांसमोर बोल. मग मी येते."

"बोलेन," गंधाली म्हणाली.

आणि तशी संधी आलीही. झाले असे, की श्यामकांत प्रथमच मुलुंडच्या घरी आले. येताना आंबावडी घेऊन आले. सगळ्या खोल्यांतून फिरले आणि म्हणाले, "घर कसं मोकळं मोकळं आहे." गंधाली खिडकीबाहेर पाहत राहिली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्यावर कागद नव्हता. बऱ्याच दिवसांत गंधालीने काही काढलेच नव्हते. ते म्हणाले, "हा असाच पडणार असेल तर ग्रंथालयाला देऊ या. राजाराम भिंतीवर लावायचं म्हणतोय. छोटासा समारंभ करू. तू दोन शब्द बोल."

"हो," गंधाली लगेच म्हणाली. त्या 'हो'मध्ये बऱ्याच दिवसांनी जीव होता. तिने तेजलला निरोप पाठवला. मी ऐकून होतो. समारंभाच्या आदल्या दिवशी ती आरशासमोर उभी राहून तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

त्याच हॉलमधल्या त्या समारंभाला तेजल आली होती. शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मला हार घातला होता, त्याच्या फुलांतून मला ती दिसत होती. राजारामांनी गंधालीच्या हातात माईक दिला. गंधालीने तेजलला पाहिले. मग पहिल्या रांगेकडे पाहिले. श्यामकांत या काही महिन्यांत एकदम म्हातारे दिसू लागले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात वर्तमानपत्राचे एक जुने कात्रण होते.

"हा बोर्ड," गंधाली म्हणाली आणि थांबली. हॉल थांबला. "हा बोर्ड मला बाबांनी दिला." आणि ती खाली बसली.

टाळ्या झाल्या. टाळ्या संपण्याच्या आत दाराजवळची खुर्ची रिकामी झाली होती.

मला गंधालीचा राग येतो. मग तिचा भांग पाडणारे बापाचे ते हात मला आठवतात, आणि तिची कीवही येते. पण राग जात नाही. ती आता मुलुंडला एकटी राहते. पुस्तकाला बक्षीस मिळाले असे इथे कुणीतरी सांगत होते. श्यामकांत रोज संध्याकाळी ग्रंथालयात येतात, मला पाहतात, समाधानाने मान हलवतात. माझ्याखाली पितळी पट्टी आहे. तिच्यावर बापाचे आणि लेकीचे नाव आहे.

मित्रांनो, शनिवारी तुमच्या बाई तुम्हाला इथे आणतात आणि माझ्यासमोर बसवून सांगतात, "या बोर्डाचं आत्मवृत्त लिहा." तुम्ही लिहिता की मी पाइनचा आहे, मी खूप सेवा केली, आता मी भिंतीवर सुखात आहे, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. बाई चांगले गुण देतात.

माझी काळजी करू नका. मला वाळवी लागू नये म्हणून इथे औषध मारतात. ज्याच्यावर असे औषध मारता येत नाही, ते जपा. ज्या माणसाने तुमच्यासाठी ओझी वाहिली, त्याचे नाव जिथे घ्यायला जीभ अडखळते, तिथेच घ्या. दुसऱ्या गावात घेतलेले नाव फुकट असते.

आणि निबंधात एक वाक्य लिहा: तेजल नावाची एक मुलगी मला जपायची. ती आणि गंधाली एका घरात राहायच्या आणि ते घर त्या दोघींचे होते. बाई त्या वाक्याखाली लाल रेघ ओढतील. वर्गात सगळ्यांसमोर तुम्हाला उभे करून विचारतील, "ही तेजल कोण?"

तेव्हा खाली बसू नका.