परहेज

"ठेच्याला हात लावू नका," कडूबाई नवऱ्याला म्हणाली.

आश्रुबाचा हात ताटावरच अडकला. "आगं, मंग भाकर कशासंगं खाऊ?"

"मुगाच्या वरणासंगं. बिनफोडणीच्या. सरकारचा हुकूम हाय."

"सरकारनं माझ्या ताटात कामून बसावं?"

"तुमी वऱ्हाड नेऊन शिंदीच्या बनात कामून बसिवलं?"

आश्रुबानं हात मागं घेतला. फाल्गुनातल्या त्या वऱ्हाडात पहिली बैलगाडी आश्रुबाची होती आणि बाकीच्या गाड्या तिच्या चाकोरीनं येत होत्या. आश्रुबा शिंदीची दारू पिऊन गाडीतच कलंडला आणि बैलांनी रोजची वाट धरली. बैलांचा काही दोष नव्हता. गाड्या थांबल्या तेव्हा नवरदेव बाशिंग बांधून शिंदीच्या झाडांखाली होता आणि नवरी हळद लावून तिच्या गावच्या मांडवात. वऱ्हाड पोचेस्तोवर मुहूर्त टळला. मग दोन्हीकडच्या थोरामोठ्यांनी एकमेकांच्या घराण्यांविषयी जे जे बोलून घेतलं, त्यात सोयरीकच मोडली. नवरीच्या बापानं गंगाखेडच्या तहसिलीत फिर्याद दिली.

तहसीलदार धोरणी होते. तुरुंगात टाकलं की आरोपीला सरकारनं जेवू घालावं लागतं. त्यांनी वेगळी शिक्षा दिली. पाऊस लागेपर्यंत आश्रुबानं बाजाराच्या वाटेवरची पाणपोई चालवावी, गावच्या वैद्याकडून इलाज घ्यावा आणि परहेज करावं. काही चुकलं तर थेट परभणीचा तुरुंग.

कचेरीची भाषा उर्दू, तेव्हा हुकूमही अर्थातच उर्दूत होता. तो चावडीत पाटलांनी, म्हणजे व्यंकटरावांनी वाचला. व्यंकटरावांचं उर्दू सहीपुरतं होतं, पण आवाज खणखणीत होता.

"मुलजिम परहेज करे," असं म्हणून, आरोपीकडं बोट दाखवून ते थांबले.

"कशाचं?" कुणीतरी विचारलं.

"ते लिवलेलं न्हाई."

दारू पिऊन गुन्हा करणाऱ्यानं परहेज कशाचं करायचं, हे लिहावं लागेल असं तहसीलदारांच्या मनातही आलं नसावं. ते खेड्यात कधी राहिलेले नव्हते.

"परहेज म्हणजे पथ्य," वैद्य दिनकरराव पुढं सरसावले. "शास्त्रात स्पष्ट आहे. मिरची नाही, तेल नाही, वांगं नाही, आंबट नाही."

'आन शिंदी?' हा प्रश्न आश्रुबाच्या ओठांवर आला होता. पण एवढी शहाणी माणसं बसलेली असताना आपण आगाऊपणा करू नये, म्हणून तो मान खाली घालून बसला. पथ्याचा हुकूम त्याच्या चांगलाच पथ्यावर पडला होता.

तेव्हापासून सारं गाव त्याच्या पोटावर पहारा देऊ लागलं. सकाळी तो वैद्यांच्या ओसरीवर काढा घ्यायचा. काढा असा की मेलेला माणूस उठून तक्रार करील. पण आश्रुबानं एक दिवस चुकवला नाही, आणि असा रोगी हयातीत पाहिला नाही असं दिनकरराव ज्याला त्याला सांगत. दिवसभर तो पाणपोईवर तांब्यानं वाटसरूंच्या ओंजळीत धार धरायचा. दिवस कलला की शिंदीचं बन. परतताना लोक हटकायचे.

"काय आश्रुबा, वांगं खाल्लं न्हाई ना?"

"आईची आण, न्हाई."

एकदा त्यानं कैरीची फोड चोखली, तर चावडीपर्यंत वर्दी गेली आणि व्यंकटरावांनी त्याला उभं करून दम दिला. दम देताना त्यांनी नाकाला उपरणं लावलं होतं, पण हुकमात वासाचं काही नव्हतं.

वैशाखात एका बाजारच्या दिवशी पाणपोईवर बायका थांबल्या.

"आश्रुबा, रांजणात शिंदी तर न्हाई ना?"

"असती तर तुमाला पाजली असती व्हय?"

बायका हसत पाणी प्यायल्या. एकटी मागं उभी राहिली. ती बायना होती, त्या मांडवातली नवरी. हळद लागून लग्न मोडलेल्या पोरीला फिरून मागणी येत नव्हती. डोक्यावरची माळव्याची पाटी तिनं खाली ठेवली नाही, की पदरानं तोंड पुसलं नाही.

"घे की पोरी, पाणी."

"म्होरं गंगा हाय," तिनं गोदावरीकडं बोट केलं.

"गंगेपस्तोर ऊन बी हाय."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. बाजारभाव सांगावा तशी म्हणाली, "काका, मांडवात आलात तवा तुमचा हाच वास यायलता. मला हळदीचा वास आठवत न्हाई. ह्योच आठवतो."

ती गेली. आश्रुबानं तांब्या पालथा घातला आणि भर दुपारी वैद्यांचं घर गाठलं.

"बुवा, माझ्या परहेजात शिंदी घाला."

"हुकमात नाही."

"वांगं तरी कुठं व्हतं?"

"वांगं शास्त्रात आहे," दिनकरराव दुखावल्या स्वरात म्हणाले. "छान चाललंय तुझं. मधेच नवीन खूळ काढू नको."

तेव्हा हुकूम नसताना शिंदी सोडणं आलं. आश्रुबाचा स्वतःवर भरवसा दांडगा होता. आपण 'हो' म्हटलं की बैल थांबतात, मग आपल्यालाच थांबायला काय धाड भरली? पण बैल निदान ऐकायचे. त्याच्या अंगाला कापरं सुटलं, अन्न टिकेना, भर उन्हात थंडी वाजू लागली. हातातला तांब्या रांजणावर वाजायचा आणि येणारेजाणारे एकमेकांना सांगायचे, "चोरून वांगं खाल्लेलं दिसतंय."

नवरा दिवेलागणीच्या आधी घरी यायला लागला होता, एवढं कडूबाईनं पाहिलं होतं. एके दिवशी तिनं त्याच्या भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवला.

"आन हुकूम?"

"हुकमाचं मी बगते. जेवा तुमी."

मृग तोंडावर आला तेव्हा बायना पुन्हा त्या वाटेनं आली. या वेळी एकटीच होती. आश्रुबानं 'घे' म्हटलं नाही. ते म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, याची त्याला पहिल्यांदाच खात्री नव्हती. तिनं पाटी उतरवली आणि वाकून ओंजळ पुढं केली.

त्यानं, वास जाऊ नये म्हणून लागलेल्या सवयीनं, तोंड दुसरीकडं वळवून तांब्या कलता केला. हात अजून कापत होता. धार इकडं सांडे, तिकडं सांडे.

धार जाईल तिकडं बायना ओंजळ सरकवीत राहिली.