अकरा नंबर

हेवा करायला फार लांबचा माणूस चालत नाही. मोठमोठ्या गायकांवर ज्ञानेश मुसळे कधी जळला नाही. तो जळायचा एहसान तांबोळीवर. कारण एहसान चाकणच्या त्याच कारखान्यात, त्याच प्रेस शॉपमध्ये, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून तोच पत्रा दाबायचा, आणि तरीही एहसानचा अल्बम निघाला होता.

अल्बमचं नाव 'दुसरी पाळी'. नऊ रॅप गाणी, एक्केचाळीस मिनिटं, थेरगावातल्या एका मित्राच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्ड केलेली. सहा वर्षांपूर्वी मोशीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसून ओळी जुळवायचे. मग ज्ञानेशचं लग्न झालं, ओव्हरटाइम वाढला आणि "पोरखेळ झाला तेवढा पुरे" असं तो स्वतःच बोलून गेला. एहसान तसं काही बोलला नाही. तो लिहीत राहिला. तेवढाच काय तो फरक, पण तो ज्ञानेशला गिळता येत नव्हता.

त्यात वाईट म्हणजे त्याला 'दुसरी पाळी' मनापासून आवडायचा. इतका, की दोनशे वेळा तरी त्याने तो ऐकला असेल, आणि दोनशेही वेळा चोरून. कानात बुच्चे घालून डोळे मिटलेला नवरा कीर्तन ऐकतोय अशी त्याच्या बायकोची, स्वरूपाची, समजूत होती आणि त्याने ती मोडली नव्हती.

पहिल्या गाण्यात ढोल नाही, ताशा नाही, नुसता प्रेसचा धपका आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ज्ञानेश ताडकन उठून बसला. धपक्यामागची ती खरखर त्याच्या ओळखीची होती. तो चार नंबरचा प्रेस होता, त्याचा स्वतःचा! आठ वर्षं त्याने ती खरखर ऐकली आणि तिला फक्त शिव्या घातल्या. तिसऱ्या गाण्यात एहसानची आई, फरीदाचाची, डांगे चौकात मेथीची जुडी उलटीपालटी करत घासाघीस करते आणि भाजीवालीशी झालेली तिची ती बोलाचालीच गाण्याचं ध्रुवपद होते. असं सुचतं कसं माणसाला, या विचाराने ज्ञानेशला जेवण जायचं नाही. पाचवं गाणं मात्र पडलंय. प्रेमाचं आहे, लंगडं आहे, यमकं ओढूनताणून आणली आहेत. या पाचव्या गाण्याचे ज्ञानेशवर फार उपकार होते. दिवस वाईट गेला की तो ते दोनदा ऐकायचा.

आणि सातवं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही तळव्यांनी ती एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, नाहीतर हात सापडायचा. ज्ञानेश झोपेतही तसे तळवे दाबायचा. स्वरूपाने हसत हसत त्याला ते सांगितलं, त्याने हसत हसत बसमध्ये एहसानला सांगितलं, आणि वर्षभराने सातव्या गाण्यात ओळ आली: 'भोंगा झाला, तळव्यांना सुट्टी नाही, झोपेत उशीची दोन टोकं दाबतो, स्वप्नंही चपटी निघतात.' ऐकणारी पोरं या ओळीला शिट्ट्या मारायची. उशी ज्ञानेशची, तळवे ज्ञानेशचे आणि शिट्ट्या तांबोळीला. चोरी म्हणावी तर सांगितलं त्यानेच होतं. चपटी स्वप्नं मात्र त्याला कधी सुचली नसती, आणि हे त्याला माहीत होतं. जळायचा तो त्यावर.

मग त्याने एहसानला न येणारी गोष्ट शोधून काढली. एहसानला पळता येत नव्हतं. दोन जिने चढला की तो कठडा धरायचा. ज्ञानेशचे पाय मात्र बालाघाटच्या डोंगरात तयार झालेले. आठ महिने तो पहाटे मोशीपासून इंद्रायणीच्या कडेकडेने पळत होता. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांनी रक्तपेढीच्या फिरत्या गाडीला निधी म्हणून दहा किलोमीटरची शर्यत ठेवली होती, आणि कामगारांच्या गटात पहिला येणाऱ्याचं नाव स्टेजवरून पुकारलं जाणार होतं. ज्ञानेशला तेवढंच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, माइकवरून आपलं नाव यावं आणि एहसानने ते खाली उभं राहून ऐकावं.

शर्यतीचं पोस्टर लागलं. पोस्टरवर एहसान! हसरा, बूट बांधताना. म्हणे कामगारांचा लाडका गायकही धावणार. ज्ञानेशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तो म्हणाला, "फोटो झकास आलाय राव."

आता प्रेस शॉपमधली एक रीत सांगायला हवी. तिथे प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला असतो. पाळी सुरू झाली की तो आपल्या मशिनवर टांगायचा, म्हणजे माल कुणी काढला ते कळतं. जोडीदारांपैकी जो आधी येईल त्याने दोघांचे बिल्ले उचलायचे. कंबर धरली की मशिनची अदलाबदल करायची, बिल्ले तिथेच राहू द्यायचे. कुणाचं काय ते सुपरवायझर सोपानराव संध्याकाळी बघून घेतात. बिल्ला म्हणजे बिल्ला, माणूस थोडाच बदलतो!

म्हणूनच शर्यतीच्या आदल्या दिवशी गेटवरच्या किसनने काही न विचारता दोघांची पाकिटं ज्ञानेशच्या हातात दिली. घरी येऊन त्याने दोन्ही उघडली. छातीवर लावायचे कागदी नंबर. एहसानचा अकरा, त्याचा चारशे शहाऐंशी. सोबत चिठ्ठी होती: पहिले पन्नास नंबर खास पाहुण्यांचे, ते सगळ्यांच्या पुढून सुटतील.

ज्ञानेशचं डोकं सणकलं. आठ महिने पहाटे उठणाऱ्याने मागच्या गर्दीत ढोपरं खायची आणि कठडा धरणाऱ्याने पुढून सुटायचं? त्याने अकरा नंबर स्वतःच्या बनियनला लावला. नंबराच्या पाठीमागे एक पातळ चकती चिकटवलेली होती. ती कशासाठी, हे त्याने पाहिलं नाही. बिल्ले तर रोजच बदलतात.

सकाळी त्याने दुसरा कागद एहसानच्या हातात ठेवला. एहसानने तो पाहिला, मग ज्ञानेशची छाती पाहिली.

"चारशे शहाऐंशी," तो म्हणाला. "म्हणजे मागं. चालेल की भावा, मागं तर मागं." आणि पोरांच्या खांद्यावर हात टाकत तो मागे गेला.

ज्ञानेश पुढच्या ओळीत उभा राहिला. कानात 'दुसरी पाळी'. याच अल्बमवर त्याने सगळा सराव केला होता, त्याची पावलं त्या धपक्यालाच पडायची. ज्याला हरवायचं त्याच्याच आवाजावर पळायचं, ही लाज त्याने कुणाला सांगितली नव्हती. तिसऱ्या गाण्याला तो मोशीच्या चौकात होता. पाचवं त्याने पुढे ढकललं नाही, मुद्दाम ऐकलं. सातव्याला पोटरीत गोळा आला, पण ती ओळ ऐकताच त्याने दात खाल्ले आणि दोघांना मागे टाकलं. शेवटचं गाणं संपलं तेव्हा मंडप समोर दिसत होता. उरलेलं अंतर तो नुसत्या श्वासावर पळाला. स्वरूपा दोरीपाशी ओढणी हलवत उड्या मारत होती. त्याच्यापुढे त्याच्या गटातला एकही माणूस नव्हता.

त्याने पाय रेषेवर टाकला, कानातले बुच्चे उपटले, आणि भोंग्यातून आवाज आला:

"आणि कामगार गटात पहिले आलेत, नंबर अकरा, आपले लाडके, एहसान तांबोळी!"

मंडप शिट्ट्यांनी दणाणला. ज्ञानेश मागे वळून पाहू लागला. एहसान कुठेच नव्हता. मग त्याला पाठीमागची चकती आठवली. रेषेवरच्या यंत्राने चकती वाचली होती आणि चकती एहसानच्या नावावर होती. इथे संध्याकाळी बघून घ्यायला सोपानराव नव्हते.

"अहो, त्यांनी चुकीचं नाव घेतलं," स्वरूपा धावत आली. "जा, सांगा की."

काय सांगणार? नंबर बदलला म्हणून? का बदलला म्हणून? स्वतःचं नाव मिळवायचं तर आपला जळफळाट चारचौघांत उघडा करायचा, हा सौदा होता. ज्ञानेश पाण्याची बाटली धरून बसून राहिला. एहसान पाऊण तासाने आला, लाललाल होऊन, बरगडी धरून, आणि लोकांनी त्याच्यासाठी पुन्हा शिट्ट्या मारल्या.

बक्षिसाच्या वेळी कंपनीच्या रश्मी मॅडमनी एहसानला पुकारलं. तो स्टेजवर गेला आणि त्याने थेट माइक घेतला. माइक धरणं त्याला काय नवीन?

"मॅडम, गडबड झाली. पहिला मी नाही, माझा जोडीदार आलाय, ज्ञानेश मुसळे. सकाळी घाईत मीच त्याचा नंबर लावून बसलो. आमच्या शॉपमध्ये बिल्ले असेच फिरतात, सवय आहे. चूक माझी. ज्ञानेश, ये रे वर!"

ज्ञानेश वर गेला. ढाल मिळाली, माइकवरून नाव आलं, टाळ्या पडल्या. खूप पडल्या. पण त्या कुणाला पडतायत हे त्याला वरून स्पष्ट दिसत होतं. सगळे एहसानकडे बघत होते. पहिलं बक्षीस सोडणारा माणूस! ज्ञानेशच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा एहसान खालीही उभा नव्हता, त्याच्या शेजारी उभा होता.

"किती मोठ्या मनाचा माणूस आहे हो," खाली उतरल्यावर स्वरूपा म्हणाली.

ज्ञानेशला ते सोसलं नाही. "नंबर मी बदलला. मुद्दाम. मला त्याचं बघवत नाही, कळलं? त्याचं गाणं बघवत नाही, पोस्टर बघवत नाही, काहीच बघवत नाही."

"मग मला कामून सांगताय?" स्वरूपा म्हणाली. "ज्याचं बघवत नाही त्याला सांगा." आणि तिने ढाल त्याच्या हातातून काढून घेतली.

एहसानभोवती फोटो काढणाऱ्या पोरांची रांग लागली होती. मध्येच घुसला तर पोरं ओरडली, तेव्हा ज्ञानेश रांगेत उभा राहिला. ज्या माणसाशेजारी तो आठ वर्षं काम करत होता, त्याच्याशी बोलायला त्याला सोळा जणांच्या मागे थांबावं लागलं. प्रत्येक पोरगं 'सातवं गाणं, भाई, सातवं गाणं' म्हणत होतं.

त्याची पाळी आली. एहसानने त्याच्या घामट खांद्यावर हात टाकला. समोर कुणीतरी मोबाइल धरला.

"एहसान, नंबर मी मुद्दाम बदलला होता."

"ठाऊक आहे," एहसान ओठ न हलवता म्हणाला. "माझा नंबर मला चार दिवस आधीच मोबाइलवर आला होता."

"मग सकाळीच बोलला का नाहीस?"

"तुला पुढून पळायचं होतं. तू पळणारा आहेस, मी थोडाच आहे? हास, फोटो निघतोय."

ज्ञानेश हसला. चांगला दात दाखवून हसला. त्याला वाटलं होतं की कबूल केल्यावर आतली आग विझेल. पण तसं काही झालं नाही. इतकं सरळ बोलणं आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं, हे त्याला कळलं, आणि त्याला एहसानचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटला.