दिव्यदंत महाराजांचा गॉगल

हे मी लिहिणारच नव्हतो. लिहायला बसलं की माझीच डावी दाढ ठणकते. पण मित्र म्हणाला, "लिही रे. नाहीतर उद्या दुसऱ्या कुणाची आई त्या रांगेत बसेल." तो मित्र म्हणजे नितेश.

तर घाटकोपरला, भटवाडीत, मंडळाच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग. आत दिव्यदंत महाराज. भगवी लुंगी, मनगटावर स्मार्टवॉच आणि मांडीवर काळा गॉगल. मॉलमध्ये पोरं डोळ्यांवर चढवून हवेत तलवारी फिरवतात ना, तसला. महाराज त्याला त्रिनेत्र म्हणायचे.

"त्रिनेत्र लावा, वैकुंठ बघा. दंतनाडीत क्वांटम ऊर्जा फिरली की किडा स्वतः शरण येतो."

क्वांटम म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं, महाराजांना तर नव्हतंच. म्हणून सगळ्यांना पटलं.

गॉगलमध्ये निळा समुद्र, काठाला माड, कानात बासरी. शिष्य दाढेत लवंगतेलाचा बोळा दाबायचा. पुढे आपली जुनी गावठी धुरी. पाण्याच्या परातीत तापलेला तवा, त्यावर तुपात घोळवलेलं रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी, धूर तोंडात. जरा वेळाने परातीत पांढरे किडे तरंगायचे आणि हॉलभर माना डोलायच्या.

नितेशची आई, जानकीकाकू, इथे परत परत यायची. संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं. सूज मात्र गालावरून डोळ्याकडे चढली, पाणी गिळवेना. डेंटिस्ट म्हटलं की तिचे हात गार पडायचे.

"आई, किडे निघतायत तर सूज वाढते कशी?"

"अजून निघायचे असतील."

तिच्या पुढच्या खेपेला नितेश आईच्या मामाला घेऊन आला. धाकूमामा, जन्म मालवणात गेलेला. त्याला रांगेत पुढे बसवला आणि गप्प राहायला सांगितलं. गॉगल चढताच मामा बोललाच.

"ह्यां वैकुंठ? वैकुंठात माड खंयसून इले?"

"शांत, आजोबा. किडा बिथरतो."

शिष्याने न बघताच बोळा कोंबला. दात बघायला तिथे बसलंय कोण. धूर झाला, किडे तरंगले.

"खालच्या दाढेतले," महाराज म्हणाले. "फार जुने."

मामाने गॉगल काढला. मग वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही महाराजांच्या मांडीवर ठेवल्या.

"माजे दात कदीच पडले. आता सांगा, किडो खंयच्या दाढेतलो?"

महाराज डगमगले नाहीत. "हे पूर्वजन्मीच्या दाढांचे."

खोटं नाही सांगत, पुढच्या रांगेत काही माना यावरही डोलल्या.

नितेशने मूठभर बी उचललं आणि तव्यावर टाकलं. जवळ कुणाचं तोंड नव्हतं. बी तडतडलं आणि परातीत पुन्हा किडे.

"ही दाढ कुणाची, महाराज? तव्याची?" तो आईकडे वळला. "बी तापून फुटतं, आतला कोंब पाण्यात उडतो. हाच तो किडा. धरून बघ, वळवळतोय का."

काकूने वाकून एक चिमटीत धरला. तो वळवळला नाही. मग पदराला बोटं पुसली आणि उठली. महाराज मागच्या दाराने गेले, गॉगल मात्र विसरले नाहीत.

दातांच्या डॉक्टर गार्गीच्या दवाखान्यात काकूने पहिलं तेच विचारलं. "मग मला बरं कसं वाटायचं?"

"लवंगेने दाढ जरा बधिर होते. समुद्र बघताना मन तिकडे जातं. पू तिथेच राहतो, काकू." गार्गीने कपाटातून तसलाच गॉगल काढला. काकू दचकली. "यात वैकुंठ नाही. भीती कमी व्हावी म्हणून आहे, बस. इंजेक्शन मीच देणार, आणि आधी सांगून देणार."

काकूने नितेशचा हात घट्ट धरला. "लाव."

पू निघाला. दुसऱ्या दिवशी तिने पेज खाल्ली.

भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज कसली. पण कुणी चमत्कार दाखवला तर बी मागा, तवा मागा, स्वतः टाकून बघा. जो टाकू देत नाही, त्याच्यासमोर तोंड उघडू नका.

इथवर वाचून नितेशने मोबाईल परत दिला. "झकास. आणि तुझी दाढ?"

"शनिवारी जातो गार्गीकडे. तिने गॉगल दिला नाही तरी जातो. तू फक्त बाहेर बस."