सालीत बुडालेला बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. शर्टाला लावायचा नव्हे, झाडाला ठोकायचा. माझी एक कड करवतीने तुटली आहे आणि अंगावरचा आकडा अर्धाच उरला आहे.

एका लहानशा कारखान्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मला कापलं, कडा घासल्या आणि ठोकून आकडा उमटवला. माझी भावंडं खुर्च्या-कपाटांवर गेली. मी एका ताईच्या पिशवीत पडलो. ती वनस्पतिशास्त्र शिकलेली. गावामागच्या रानात मूळची, जुनी झाडं हुडकून त्यांना बिल्ले लावायचं काम तिने अंगावर घेतलं होतं. बिल्ला असलेलं झाड तोडायचं नाही, असं गावाने ठरवलं होतं.

हातोडी असायची तिच्या मामाकडे. मामा सुतार. माझ्या झाडापाशी येताच तो म्हणाला, "यात काय बघायचं? अर्धं वठलंय, पोटात ढोली."

ताईने एक पान उलटं केलं. "देठापाशी या दोन बारीक गाठी बघ, मामा. बाहेरून आणून लावलेल्या झाडांना त्या नसतात. आणि एवढी ढोली पडायला शेकडो वर्षं जातात. हे या रानातलं सगळ्यात म्हातारं."

"म्हणजे माझ्यासारखंच. पोट रिकामं, पण उभं," मामा हसला आणि त्याने खिळा थेट डोक्यापर्यंत ठोकला.

"मामा, खिळा दोन बोटं बाहेर ठेवायचा. झाड जाड होतं."

"सैल खिळा म्हणजे सैल काम. लोक मला हसतील गं."

त्याचा हात चुकला नव्हता. जन्मभर त्याने तोडलेलं लाकूड हाताळलं होतं, आणि ते जाड होत नाही. ताई म्हणाली, "राहू दे. पुढच्या वेळी येऊन सैल करते."

सुरुवातीची वर्षं कौतुकाची होती. शाळेची मुलं यायची, माझ्यावर बोट फिरवून आकडा मोठ्याने वाचायची. मी ताठ्यात असायचो. मग ताईला दूरच्या गावी नोकरी लागली. मामाचे गुडघे गेले. मुलं मोठी झाली. पायवाटेवर गवत माजलं.

झाड मात्र थांबलं नाही. आत पोकळ असलं तरी सालीखाली ते दरवर्षी एक पातळ थर चढवत होतं. खिळा घट्ट असल्याने मला पुढे सरकता येईना. आधी साल माझ्या कडांवर आली, मग आकड्यावर. एके दिवशी उजेडाची शेवटची फट मिटली. मी आत होतो आणि बाहेरून नुसती एक आडवी सुरकुती दिसत होती.

नंतर रस्ता रुंद करायला माणसं आली. सालीतून मला आवाज ऐकू येत होते.

"मुकादम, हे जुनं दिसतंय. बिल्ला बघा एकदा."

मुकादम प्रामाणिक होता. त्याने खोडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, छातीच्या उंचीवर हात फिरवला. त्याचा तळवा माझ्यावरूनच गेला. मला ओरडता आलं असतं तर.

"नाही बिल्ला. घ्या."

झाड आडवं झालं. मग ओंडके पाडताना करवत माझी कड कापत खिळ्यावर आदळली, ठिणग्या उडाल्या. कामगाराने छिन्नीने मला उकरून काढलं आणि मुकादमाच्या हातावर ठेवलं. तो बुंध्यावर बसला.

"आता काय करायचं, मुकादम?"

"आता काय करणार," तो म्हणाला.

गावात विचारपूस करून मुकादमाने मला ताईपर्यंत पोचवलं. मला पाहून ती रडली नाही. मी आता तिच्या टेबलावर असतो. मामाला तिने अजून सांगितलेलं नाही. तो भेटला की विचारतो, "आपलं म्हातारं कसं आहे?" आणि ती म्हणते, "उभं आहे."

मित्रांनो, जुनं झाड सापडलं तर त्याचं पान उलटून बघा, साल बघा, ओळख पटवा. बिल्ला लावलात तर खिळा दोन बोटं बाहेर ठेवा. आणि पुन्हा जा. झाड एकदा ओळखून भागत नाही, कारण ते वाढत राहतं. माझं वाढत होतं, म्हणून मी झाकला गेलो.